साग, अंजन आणि सालई : बऱ्हाणपूर परिसरातील लाकडांचा इतिहास

बऱ्हाणपूरचा इतिहास आजवर मुख्यतः दगडाच्या आणि वस्त्राच्या आधारे सांगितला गेला आहे. इ. स. १४०० च्या सुमारास फारुकी सुलतानांनी तापीच्या उत्तर तीरावर हे नगर वसविले आणि संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्यास दिले. येथील जामी मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. १६०१ मध्ये असीरगड मोगलांच्या हाती गेला आणि खानदेश हा साम्राज्याचा सुभा झाला. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानान याने सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भूमिगत मार्गाने शहरात आणले. १६३१ मध्ये मुमताजमहल येथेच निवर्तली. या साऱ्या घटनांच्या खुणा दगड-चुन्यात टिकून राहिल्या, म्हणून त्या इतिहासकारांच्या दृष्टीस पडल्या.

परंतु कोणतेही नगर केवळ दगडावर उभे राहत नाही. किल्ल्याचे दरवाजे, घरांच्या तुळया, विणकरांचे माग, तेल्यांचे घाणे, बैलगाड्यांची चाके, नांगर आणि अखेरीस माणसाला निरोप देणारी चिता, हे सर्व लाकडाचे. लाकूड जळते, कुजते, वाळवीच्या मुखी पडते, आणि म्हणूनच इतिहासात त्याची नोंद तुटपुंजी राहते. बऱ्हाणपूरच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवावी, कारण उत्तरेकडील सातपुड्याच्या रांगा आणि दक्षिणेकडील तापीचे खोरे यांमध्ये वसलेल्या या शहराच्या आसमंतात अत्यंत कठीण लाकडापासून अत्यंत मऊ लाकडापर्यंत सर्व प्रकार एका दिवसाच्या गाडीवाटेत मिळत असत. त्यांपैकी साग, अंजन आणि सालई या तीन वृक्षांच्या आधारे या परिसराच्या सहा शतकांकडे पाहिले, तर एक गोष्ट स्पष्ट होते. लाकडाचा मऊपणा वा कठीणपणा हा निसर्गाने दिलेला गुण असला, तरी त्याची किंमत मात्र माणसाची गरज ठरवीत आली आहे. आणि ज्याला एका पिढीने निरुपयोगी म्हटले, त्याच्यावाचून पुढच्या पिढीचे अडले आहे.

मऊ आणि कठीण : शब्दांचा अर्थ

लाकडांची मऊ आणि कठीण अशी विभागणी पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रातून आपल्या पाठ्यपुस्तकांत आली. त्या शास्त्राच्या परिभाषेत मऊ लाकूड म्हणजे सूचिपर्णी वृक्षांचे, अर्थात देवदार, चीड, फर, स्प्रूस इत्यादींचे लाकूड. आणि कठीण लाकूड म्हणजे रुंद पानांच्या वृक्षांचे. या भेदाचे मूळ रचनेत आहे. सूचिपर्णी वृक्षांत पाणी वाहून नेण्याचे आणि खोडाला आधार देण्याचे काम एकाच प्रकारच्या लांब पेशी करतात. रुंदपर्णी वृक्षांत पाण्यासाठी स्वतंत्र वाहिन्या असतात. आडव्या छेदात त्या बारीक छिद्रांसारख्या दिसतात, आणि आधाराचे काम निराळे तंतू करतात. सागाच्या ताज्या कापावर नुसत्या डोळ्यांनी दिसणारी छिद्रांची वर्तुळे ही याच वाहिन्यांची होत.

या व्याख्येतून काही विचित्र निष्कर्ष निघतात. नखाने ओरखडा उठेल असे बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतील लाकूड शास्त्रदृष्ट्या ‘कठीण’ ठरते, तर धनुष्यासाठी प्रसिद्ध असलेले चिवट आणि भक्कम यू हे ‘मऊ’ ठरते. सातपुड्यात तर हा भेद जवळजवळ निरर्थकच होतो, कारण येथील नैसर्गिक वनांत सूचिपर्णी वृक्ष नाहीत. पुस्तकी व्याख्या लावली, तर येथील अंजन, साग, सालई आणि सावर ही चारही लाकडे कठीणच म्हणावी लागतील. प्रत्यक्षात सुकलेल्या सावरीचे वजन दर घनमीटरला चारशे किलोग्रॅमच्या आसपास, सालईचे साधारण पाचशेच्या वर, सागाचे सुमारे साडेसहाशे आणि अंजनाचे हजारापेक्षाही अधिक भरते. अंजनाचा ओंडका पाण्यात टाकला तर बुडतो.

गावच्या सुताराची विभागणी निराळी होती आणि ती कामावरून ठरलेली होती. रंधा कसा चालतो, खिळा ठोकताना फळी फुटते की नाही, पाऊस आणि ऊन खाल्ल्यावर लाकूड पिळवटते काय, वाळवी त्याला शिवते काय, आणि भार पडला तर ते मोडण्यापूर्वी वाकते की एकदम तुटते, असे त्याचे प्रश्न असत. गाभ्याचे गडद लाकूड आणि सालीलगतचे फिकट लाकूड यांतील भेद तर त्याच्या हाडीमांसी खिळलेला होता. शास्त्रज्ञ या दोहोंना मध्यकाष्ठ आणि रसकाष्ठ म्हणतात. रसकाष्ठात झाडाचे अन्न साठलेले असते, म्हणून कीड प्रथम तेथे लागते. मध्यकाष्ठातील पेशी मृत झालेल्या असून तेथे राळ, तेल, टॅनिन यांसारखी संरक्षक द्रव्ये साठतात. चांगल्या सुताराने पांढरी कड तासून टाकावी हा जुना दंडक या ज्ञानावरच आधारलेला होता.

अबुल फजलाची यादी

लाकडांच्या वजनाची पद्धतशीर नोंद करण्याचा प्रयत्न युरोपीय वनाधिकाऱ्यांच्या आगमनानंतरच झाला, असा एक समज आहे. तो खरा नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलाने बहात्तर प्रकारच्या लाकडांचे दर घनगजाचे वजन दिले आहे. जड लाकडांपासून आरंभ करून ही यादी क्रमाक्रमाने हलक्या लाकडांपर्यंत उतरते. सर्वांत शेवटी सफेदार, म्हणजे काश्मीरकडील पॉपलर जातीचा वृक्ष येतो. आपल्याकडे परिचित असलेल्या चिंचेचे स्थान या यादीत बरेच वरचे आहे. घाण्यासाठी आणि मोगरीसाठी चिंचेचे लाकूड वापरणाऱ्या कारागिरांना त्याचे नवल वाटणार नाही.

त्याच ग्रंथात बांधकामासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या आठ लाकडांचे दर आहेत. शिसम, बोर, बाभूळ, शिरीष, बकाणा निंब ही त्यांतील काही नावे. या आठांत साग नाही. कारण उघड आहे. आग्र्याच्या परिसरात साग नैसर्गिकरीत्या उगवत नाही. त्याची उत्तरेकडील सीमा बुंदेलखंडाच्या आसपास संपते. दख्खनच्या मोहिमेत स्वतः अबुल फजल खानदेशात आला आणि असीरगडच्या वेढ्याच्या काळात तो या प्रदेशात होता. राजधानीत दुर्मीळ असलेले हे लाकूड येथे मात्र डोंगरउतारांवर सहज उभे होते. त्याच्या ग्रंथातील खानदेशाच्या वर्णनात बऱ्हाणपूरच्या बागा, तेथे होणारे चंदन आणि निरनिराळ्या प्रांतांतून येऊन स्थायिक झालेले कारागीर यांचा उल्लेख आहे. या कारागिरांच्या हाती नवी लाकडे आली, आणि लाकूड बदलले की हत्यार व हात या दोहोंना नवी सवय लावून घ्यावी लागते.

साग : मधले लाकूड

सागाची थोरवी त्याच्या कठीणपणात नाही, ती त्याच्या समतोलात आहे. अंजन, खैर, धावडा ही लाकडे सागापेक्षा कितीतरी कठीण व जड आहेत. साग त्यांच्या मानाने मध्यम वजनाचा. परंतु कच्च्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत तो गाभ्याच्या दिशेने सुमारे अडीच टक्के, आणि वर्तुळांच्या दिशेने पाच-सहा टक्केच आकसतो. त्यामुळे चौकट वाकडी होत नाही, दार अडकत नाही, कपाटाच्या फळीला फट पडत नाही. त्याच्या मध्यकाष्ठातील तेलकट द्रव्ये वाळवीला आणि बुरशीला दूर ठेवतात, आणि लोखंडी खिळाही त्यात लवकर गंजत नाही. त्याच्या अंगी असलेली सिलिका मात्र हत्याराची धार खाते. सागावर काम करताना पटाशी वारंवार लावावी लागते ती यामुळेच. डेहराडून येथे १९०६ मध्ये स्थापन झालेल्या वन संशोधन संस्थेने भारतीय लाकडांच्या गुणांची तुलना करताना सागाला १०० हा अंक देऊन इतरांना त्याच्या प्रमाणात मोजण्याची पद्धत अवलंबिली. सुतारांनी शतकानुशतके मनोमन केलेली तुलनाच त्यामुळे कोष्टकात आली.

सागाच्या टिकाऊपणाचे सर्वांत प्राचीन साक्षीदार महाराष्ट्रातच आहेत. कार्ले येथील चैत्यगृहाच्या कमानदार छतातील लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षे जागच्या जागी आहेत. मुंबईच्या गोदीत सागवानी लाकडातून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले, आणि ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या अवस्थेत जतन केलेले आहे. पुण्यातील शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या जंगलातून साग आणला गेला. तो वाडा १८२८ च्या आगीत भस्मसात झाला. वाळवीला आणि पाण्याला न जुमानणारे हे लाकूड अग्नीपुढे मात्र हतबल ठरते.

उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये बऱ्हाणपूर आणि असीरगड मराठ्यांकडे आले आणि पुढे शिंद्यांच्या अमलाखाली गेले. मराठी कुटुंबांची येथील वस्ती या काळात वाढली आणि दख्खनी वाड्याची रीत तापीकाठी रुजली. त्या रीतीचे गमक लाकडी सांगाड्यात आहे. दगडी उथळ्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्यांची तक्तपोशी आणि सर्वांत वर मातीचे माळवद. भिंत विटांची वा मातीची असली तरी भार पेलणारा सांगाडाच असे. म्हणूनच भिंत ढासळली तरी घर उभे राहत असे. दोन खांबांमधील अंतराला ‘खण’ म्हणत आणि घराचे मोजमाप खणांतच होई. हे अंतर मनुष्याच्या इच्छेवर नव्हे, तर उपलब्ध तुळईच्या लांबीवर आणि तिच्या भार पेलण्याच्या शक्तीवर ठरत असे. जुन्या घरांच्या खोल्या अरुंद का, या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी जंगलात मिळणाऱ्या ओंडक्यात आहे.

उथळ्याचे कामही लाकडाच्या स्वभावातून जन्मलेले आहे. लाकडाचे तंतू उभ्या दिशेने पाणी झपाट्याने शोषून घेतात. खांब थेट जमिनीत रोवला तर त्याचे टोक ओलावा ओढून प्रथम कुजते. दगडावर ठेवला तर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. त्याचप्रमाणे जुने सुतार सांध्यांत खिळे टाळून खोबणीत कुसू बसवीत, कारण उन्हाळ्यात आकसणाऱ्या आणि पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडाला थोडी हालचाल करू देणारा सांधाच दीर्घकाळ टिकतो.

अंजन, धावडा, तिवस : कष्टाची लाकडे

साग घराचा असेल, तर अंजन शेताचा. खानदेश आणि निमाड यांच्या सीमेवरील कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर अंजनाची जवळजवळ निर्भेळ राने आढळतात. भारतातील सर्वांत जड लाकडांत अंजनाची गणना होते. त्याचे मध्यकाष्ठ गडद तांबूस, काळपट झाक असलेले. तंतू एकमेकांत गुंतलेले. वाळल्यावर त्यावर करवत चालविणे हे मोठे जिकिरीचे काम. म्हणून ते ओले असतानाच घडवावे लागते. मात्र सुकताना ते तडकते, त्यामुळे रुंद फळ्यांसाठी ते कुचकामी ठरते. परंतु खांब, कुंपणाचा खुंट, घाण्याचे भाग, चाकाचा तुंबा या जागी त्याला तोड नाही. सालीच्या धाग्यांचे दोर वळता येतात आणि दुष्काळात पाला गुरांच्या उपयोगी पडतो. एका झाडाने शेतकऱ्याची एवढी सेवा करावी, हे विरळा.

बैलगाडीचे चाक म्हणजे लाकडांच्या गुणांचे जिवंत कोष्टकच होय. मधला तुंबा घर्षण सोसणारा आणि न चिरणारा हवा. त्यासाठी अंजन किंवा बाभूळ. आरे सरळ तंतूचे आणि दाब सहन करणारे हवेत. परिघाचे पाटे धक्के सोसणारे हवेत. तेथे बाभूळ चालते. आसासाठी धावडा, कारण तो चिवट असून मोडण्यापूर्वी वाकतो; कुऱ्हाडीचा दांडाही याच गुणामुळे धावड्याचाच करीत. जू आणि दांडी यांसाठी लवचीक तिवस योग्य. सर्वांवरून तापवून चढविलेली लोखंडी धाव थंड होताना आवळते आणि निरनिराळ्या स्वभावांच्या या लाकडांना एकत्र बांधते. या रचनेत एखादे लाकूड चुकीच्या जागी बसले, तर चाक एका पावसाळ्यात खिळखिळे होई. रबरी टायरची गाडी आणि पुढे ट्रॅक्टर आल्यानंतर हे ज्ञान वापरातून गेले. ‘तिवस’ हा शब्द आज अनेकांना केवळ एखाद्या गावाच्या नावावरून आठवतो.

विणकरांच्या शहरात मागाचा विचार टाळता येणार नाही. तावर्निये या फ्रेंच प्रवाशाने सतराव्या शतकात बऱ्हाणपूरच्या तलम वस्त्रांची निर्यात इराण, तुर्कस्तान, रशिया आणि पोलंडपर्यंत होत असल्याचे लिहिले आहे. ही तलमता अखेरीस लाकडाच्या गुळगुळीतपणावर अवलंबून होती. धोटा ताण्याच्या शेकडो धाग्यांमधून दिवसभर धावतो. त्याच्या अंगावर एक कुसळ उभे राहिले, तरी धागा तुटतो. म्हणून धोट्याला बारीक पोताचे, जड आणि जितके घासावे तितके चकाकणारे लाकूड लागते. यंत्रमाग आल्यावर कापड गिरण्यांचे धोटे अमेरिकेतील पर्सिमॉन या लाकडाचे येऊ लागले. हा वृक्ष आपल्या टेंभुर्णीच्या कुळातला, किंबहुना एकाच प्रजातीचा होय. तिच्या पानांच्या विड्या वळल्या जात असताना तिच्याच परदेशी बहिणीचे लाकूड गिरण्यांसाठी समुद्रापलीकडून यावे, हा व्यापाराच्या इतिहासातील एक बोलका प्रसंग आहे.

रेल्वे आणि राखीव जंगल

१८६० मध्ये झालेल्या प्रदेशांच्या अदलाबदलीत शिंद्यांकडून बऱ्हाणपूर इंग्रजांकडे आले. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळहून खांडव्याकडे जाताना शहराजवळील लालबाग येथून गेला. १८७० मध्ये हा मार्ग जबलपूर येथे पूर्वेकडील रेल्वेला मिळाला आणि मुंबई-कलकत्ता जोडले गेले. रेल्वेने लाकडाच्या इतिहासाला मोठी कलाटणी दिली. एक मैल रुळांसाठी सुमारे अठराशे स्लीपर लागत आणि काही वर्षांनी ते बदलावे लागत. सुताराला लागणारे लाकूड झाडानुसार निवडलेले असे. रेल्वेला मात्र ठरावीक मापाचे, हजारोंच्या संख्येने आणि वेळेवर पुरविलेले लाकूड हवे होते. साग, साल, देवदार यांनाच प्रथम मान मिळाला. उरलेली गरज भागविण्यासाठी बाल्टिक समुद्राकाठची पाइन लाकडे डांबरी तेलात मुरवून भारतात आणली गेली. पुस्तकातील ‘मऊ लाकूड’ मध्य भारतात मोठ्या प्रमाणावर प्रथम येथे दिसले, ते रुळांखाली.

या मागणीनेच शासकीय वनव्यवस्थेला गती दिली. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हे भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले. १८६५ आणि १८७८ मध्ये वनविषयक कायदे आले. निमाडच्या जमाबंदीचे काम करणाऱ्या कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांनी या प्रदेशातील जंगलांचे बारकाईने निरीक्षण केले. १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा मध्य भारतावरील ग्रंथ आजही अभ्यासकांना उपयोगी पडतो. राखीव जंगलांमुळे सागाची राने वाचली, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याचबरोबर जंगलाकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. कोरकू, भिल्ल आणि इतर वनवासी समाजांच्या दृष्टीने प्रत्येक झाडाला काही ना काही उपयोग होता. एकाचा डिंक, दुसऱ्याचा पाला, तिसऱ्याची साल. सरकारी नोंदवहीत मात्र साग हा मौल्यवान आणि सालईसारखे वृक्ष कमी प्रतीचे ठरले. ज्याला बाजारात दर नव्हता, त्याला रानातही मान राहिला नाही.

सालई : लाकडापासून वृत्तपत्रापर्यंत

सालई हा कोरड्या उतारांवर, जेथे साग खुरटतो अशा खडकाळ जमिनीवरही वाढणारा वृक्ष. पातळ पापुद्र्यांनी सुटणारी साल, सुगंधी डिंक आणि वणव्यातून तगून राहण्याची शक्ती ही त्याची लक्षणे. त्याचा डिंक धूप म्हणून आणि औषधात वापरला जातो. त्याचे लाकूड मात्र सुताराच्या दृष्टीने उपेक्षित होते. तोडल्यावर थोड्याच दिवसांत त्यावर निळसर डाग पडतात, कीड लागते. चौकटीला ते चालत नाही, नांगराला चालत नाही. फार तर खोकी, आगपेट्या आणि सरपण.

या उपेक्षित लाकडाने स्वतंत्र भारतातील एका महत्त्वाच्या उद्योगाला जन्म दिला. त्यावेळी देशाला लागणारा सर्व वृत्तपत्री कागद परदेशांतून येत असे. कॅनडा, नॉर्वे, स्वीडन या देशांत स्प्रूससारख्या सूचिपर्णी वृक्षांच्या लांब तंतूंपासून तो तयार होई. आपल्याकडे असे वृक्ष दुर्गम हिमालयात. सातपुड्यात सालई विपुल. १९४७ मध्ये बऱ्हाणपूरजवळ नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स या कंपनीची स्थापना झाली. आरंभी खाजगी असलेला हा उपक्रम अडचणीत आल्यावर मध्य प्रांत सरकारने आणि पुढे केंद्र सरकारने त्याची धुरा घेतली. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी गिरणी राष्ट्रास अर्पण केली. वर्षाला सुमारे तीस हजार टनांची तिची आरंभीची क्षमता होती. तिच्याभोवती वसलेले नेपानगर आज बऱ्हाणपूर जिल्ह्यातील तहसील आहे.

यामागील तांत्रिक युक्ती समजून घेण्यासारखी आहे. सालईचे तंतू आखूड. त्यांच्या लगद्याचा कागद अपारदर्शक आणि शाई शोषणारा होतो, पण यंत्रावर वेगाने ओढला जाताना तुटतो. बांबूचे तंतू त्या मानाने लांब. त्यांनी कागदाला बळकटी येते. म्हणून सालईचे लाकूड यंत्राने दळून केलेला लगदा आणि बांबू रसायनांत शिजवून केलेला लगदा यांचे मिश्रण करण्यात आले. बाल्टिकच्या पाइनने रेल्वेला दिलेला आधार येथे उलट दिशेने फिटला. सूचिपर्णी लाकडाचे काम सातपुड्याच्या रुंदपर्णी वृक्षाने करून दाखविले. सुमारे पाव शतक देशात वृत्तपत्री कागद बनविणारी ही एकमेव गिरणी होती. स्वातंत्र्योत्तर काळातील कित्येक मराठी घरांत आलेली सकाळची बातमी सातपुड्याच्या सालईवर छापलेली होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पण ज्या क्षणी सालई उपयोगी ठरली, त्या क्षणी तिची तोड सुरू झाली. जंगलाच्या वाढीचा वेग आणि यंत्राच्या भुकेचा वेग यांचा मेळ बसणे कठीणच. पुढे गिरणीने रद्दी कागदाचा आधार घेतला. २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी तिचे उत्पादन थांबले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले ते रद्दीच्या पुनर्वापरावर. त्याच सुमारास, २०२२-२३ मध्ये, नेपानगर परिसरातील राखीव वनांत झालेल्या अवैध वृक्षतोडीच्या बातम्या देशभर पोहोचल्या. यावेळी झाडे लाकडासाठी नव्हे, तर त्यांच्याखालील जमिनीसाठी तोडली गेली. कठीण असो की मऊ, लाकडाचा कोणताही गुण अशा वेळी झाडाला वाचवू शकत नाही.

ग्रंथालयातील दोन लाकडे

या इतिहासाचा ग्रंथालयाशी संबंध दूरान्वयाचा नाही. शंभर वर्षे ओलांडलेल्या कोणत्याही मराठी ग्रंथालयात प्रस्तुत लेखातील दोन लाकडे समोरासमोर उभी असतात. एक सागवानी कपाटाच्या रूपाने आणि दुसरे त्या कपाटातील वृत्तपत्रांच्या बांधीव फायलींच्या रूपाने. कपाट पाऊणशे-शंभर वर्षांनंतरही सरळ उभे असते. फाईल मात्र तिच्या निम्म्या वयातच पिवळी पडून कडांनी झडू लागते.

याचे कारण लाकडाच्या घटनेतच आहे. लाकडात सेल्युलोजच्या तंतूंना जोडून धरणारे लिग्निन नावाचे द्रव्य असते. झाडाला ताठ उभे ठेवण्याचे श्रेय त्याचेच. रसायनांत शिजवलेल्या लगद्यातून लिग्निन बव्हंशी निघून जाते. यंत्राने दळलेल्या लगद्यात ते तसेच राहते. प्रकाश आणि हवा यांच्या संयोगाने ते पिवळे होते, कागदातील आम्लता वाढते आणि तंतू ठिसूळ होतात. जे द्रव्य रानात झाडाला उभे ठेवते, तेच कागदात त्याचा घात करते. चिंध्यांपासून हाताने केलेल्या जुन्या कागदावरील दोनशे वर्षांपूर्वीची पोथी सुस्थितीत असते आणि चाळीस वर्षांपूर्वीचे दैनिक हाताळताच तुटते, याचे हे रहस्य आहे.

म्हणून ग्रंथालयाच्या सांभाळाचे दोन भाग पडतात. कपाटांच्या बाबतीत, जुना सागवान बेढब वा रंग उडालेला दिसला म्हणून भंगारात काढू नये. आज तशा जाडीचे, पूर्ण पक्व मध्यकाष्ठाचे लाकूड मिळणे दुरापास्त आहे. त्याच्या फळ्यांत कोठे भुंग्याची बारीक भोके आढळली, तर ती बहुधा सालीलगतच्या पांढऱ्या कडेतच असतात. तेवढा भाग काढून जोड देता येतो. पाय जमिनीच्या ओलीपासून वर ठेवावेत. उथळ्याचे तत्त्व येथेही लागू आहे. वृत्तपत्रांच्या बाबतीत मात्र काळ थांबत नाही. थेट उन्हापासून त्यांचा बचाव करावा, घडीच्या जागी त्या पुन्हापुन्हा दुमडू नयेत, आणि हाताळण्याजोग्या आहेत तोवर त्यांच्या छायाप्रती करून घ्याव्यात. स्थानिक वृत्तपत्रांच्या कित्येक अंकांची दुसरी प्रत कोठेही नसते. ती झडली की त्या गावाचा तेवढा काळही झडतो.

वनांच्या बाबतीतही याहून निराळे सांगता येत नाही. अंजनाला दरवर्षी भरपूर बी धरत नाही, आणि त्याचे रोप वर वाढण्यापूर्वी कित्येक काळ मुळेच खोल नेत राहते. पक्व सागासाठी साठ-ऐंशी वर्षे थांबावे लागते. आज लावलेल्या झाडाचे लाकूड लावणाऱ्याला मिळत नाही. ते त्याच्या नातवाच्या पिढीसाठी असते. ग्रंथालयाची स्थापना करणाऱ्यांचीही भूमिका याहून वेगळी नव्हती. आपल्याला वाचता येणार नाहीत अशा पुस्तकांसाठी त्यांनी कपाटे करवून घेतली, आणि त्या कपाटांसाठी जंगलात उभा असलेला साग त्यांच्याही जन्मापूर्वी कोणीतरी राखलेला होता.